किरकोळ खर्च

लागोस बेटावरच्या बंबखान्यात मी कारकून होतो.
आग विझवणं माझं काम नव्हतं,
आगीला लागणाऱ्या वस्तू लिहिणं, एवढंच.
एकोणीसशे एकतीसचं मागणीपत्र माझ्याच अक्षरात आहे:
पितळी शिरस्त्राणं, नग बारा.
कॅनव्हासचा पाइप, आठशे फूट.
कुऱ्हाडी सहा. शिट्ट्या चोवीस.
माणसं मागितली तीस, मंजूर अकरा.
शिट्ट्या मात्र सगळ्या आल्या.

सात महिन्यांनी बोटीतून खोकी उतरली.
शिरस्त्राणं कुणाच्या डोक्यांवर बेतली होती, देव जाणे,
गनियूच्या नाकापर्यंत घसरलं त्याचं.
त्यानं आत बायकोचं निळीत रंगवलेलं फडकं कोंबलं
आणि पहिल्या कवायतीच्या घामात
त्याचं कपाळ निळं झालं, ते कायमचं.
लोक बंबवाला म्हणून ओळखत नसत त्याला,
निळ्या म्हणत.

मग पाइप.
रस्त्यावरचा नळ मँचेस्टरचा, पाइप लंडनचा,
एकाच राजाची दोन गावं,
पण आट्यांची सोयरीक काही जमेना.
साहेबानं पत्र लिहिलं. पत्राला उत्तर म्हणून पत्र आलं.
तोवर मी गेलो फेलिसियानोकडे, ब्राझिलियन आळीत.
त्याचा आजा बाहियाहून परतला तेव्हा
सोबत फक्त हातातली कला होती.
फेलिसियानोनं नळात अंगठा घातला, पाइपात अंगठा घातला,
म्हणाला, पितळ आणा.
पितळ कुठलं? बंबाची घंटा तडकलेलीच होती.
ती वितळली आणि तिचा जोड झाला.

त्यानंतर आमचा बंब बिनघंटेचा निघायचा.
पुढे गल्लीतली पोरं धावायची, तोंडात शिट्ट्या,
चोवीसच्या चोवीस.

रुग्णवाहिकाही आली, हे सांगायला हवं.
पांढरी, मोटारीची, आत स्प्रिंगांचा पलंग.
ती गोऱ्यांच्या इस्पितळासाठी,
किल्ली कॅप्टन पेटिफरच्या खिशात.
बाकीच्या शहरासाठी हातगाडी,
चाकं दोन, त्यातलं एक रुसलेलं.

हरमत्तानचे दिवस. ओठ फुटलेले, हवेत वाळवंटाची धूळ,
आणि धक्क्यावर पामतेलाची वखार पेटली.
तेल जळतं तेव्हा आग आवाज करत नाही फारसा,
नुसती वाढते.
जोड टिकला. पाणी आलं.
छप्पर मात्र टिकलं नाही.

गनियूला ओढून काढला तेव्हा
किल्ली क्लबात पत्ते खेळत होती,
हातगाडी वाळूत रुतली होती.
मासे विकणारी सिदिकातू पुढे आली,
स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं,
आणि म्हणाली, ह्याच्यावर घ्या.
चौघांनी उचललं. मैलभर वाट.
तो विचारत होता, जोड गळतोय का रे?
मी म्हणालो, नाही.
थोडा गळत होता.

तो वाचला. उजव्या हाताची मूठ पुन्हा मिटली नाही.
आता बंबखान्याच्या फाटकावर बसतो, निळ्या कपाळानं,
आणि डाव्या हातानं सलाम करतो,
त्याबद्दल दोनदा दंड झाला.

सिदिकातू दर सोमवारी यायची.
उंबऱ्यावर चटई टांगून झोपते म्हणायची,
धूळ येते, शेजाऱ्याची बकरी येते.
मी वहीत लिहिलं:
दार, नग एक, दहा शिलिंग, किरकोळ खर्च.

चौदा महिन्यांनी तपासनिसाचा आक्षेप आला, लाल शाईत:
दार हे अग्निशमनाचं साधन नाही. खुलासा करावा.
मी तीन मसुदे फाडले.
चौथ्यात एकच ओळ होती:
त्या रात्री सदर दार रुग्णवाहिका होतं.

उत्तर नाही. पैसे नाहीत.
पगारातून पाच शिलिंग मी दिले,
पाच फेलिसियानोनं, शिव्या देत.

आणि पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात,
शिट्ट्यांच्या खाली, त्याच वळणदार अक्षरात, मी लिहिलं:
दारं, नग सहा.

लंडनहून लगेच विचारणा आली:
कुलपासह, की कुलपाविना?